चप्पल पायात राहत नव्हती

धाकट्याची चप्पल जिन्यात सापडायला लागली ती २०२४ च्या दिवाळीनंतर. तो वर घरात आलेला असायचा आणि एक चप्पल खाली दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पडलेली. आई कचरा टाकायला उतरली की उचलून आणायची आणि ओरडायची, "अरे, पायात काय आहे-नाही याचं तरी भान ठेव." तो म्हणायचा, "कळलंच नाही." मोबाइलमध्ये डोकं असतं, असं म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो. त्याला खरोखरच कळत नव्हतं, हे समजायला आम्हाला तीन महिने लागले.

हे मी त्याला विचारूनच लिहितेय. "नाव टाकू नकोस, बाकी सगळं लिही," एवढंच तो म्हणाला.

आम्ही हडपसरला राहतो. बाबा रिक्षा चालवतात, मी एका पतसंस्थेत आहे. धाकट्याचे दहावीला दोन विषय राहिले आणि पुढच्या परीक्षेपर्यंत घरात बसून काय करणार, म्हणून बाबांनीच त्याला कुशनवाल्याकडे लावला. रिक्षाचं हूड आणि सीट ते तिथूनच शिवून घेतात, म्हणजे माणूस ओळखीचा. काम काय, तर फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं आणि सोल्युशनने चिकटवायचं. कामाला लागला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. कपड्यांना सोल्युशनचा वास यायचा, पण कामच तसलं म्हटल्यावर वास येणारच. डोकं दुखायचं, जेवण कमी झालं होतं, तोंडाच्या कडेला आणि नाकाखाली लाल खरखरीत चट्टा उठला होता. थंडीने फुटलंय म्हणून आई रोज रात्री कोकमतेलाचा गोळा दिव्यावर धरून मऊ करायची आणि त्याची हनुवटी धरून लावायची. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ज्या जागी पिशवी लागत होती, त्याच जागेवर आई तेल लावत होती.

जानेवारीत तो उंबऱ्याला अडखळायला लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं दिली, एक दिवसाआड पाच. नेमक्या त्याच दिवसांत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले. टीव्हीवर दिवसभर तेच. आईने पाणी उकळायला सुरुवात केली, बाहेरचं खाणं बंद केलं. आणि एका सकाळी धाकटा संडासात बसला तो उठूच शकेना. बाबांनी कडी उचकटून दार काढलं, खांद्यावर घेतलं आणि रिक्षात घालून थेट मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

पुण्याचा पेशंट, पायातली ताकद गेलेली, महिना जानेवारी २०२५. तपासणाऱ्या पहिल्या डॉक्टरच्या तोंडातून जीबीएसच निघालं. त्यात मी कुणाला दोष देत नाही, तेव्हा आमच्याही मनात तेच होतं. "कधीपासून?" असं विचारल्यावर बाबांनी सांगितलं, आठ दिवस. कारण पडायला लागल्यापासूनचेच दिवस आम्ही मोजत होतो.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर आई रडायलाच लागली. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. तसं काही होत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम, नंतर थोडा वेळ आडवं पडून राहायचं. मी सही केली. तोवर दुसऱ्या एका डॉक्टरांनी आयव्हीआयजी नावाच्या इंजेक्शनांचा खर्च लाखांत सांगून ठेवला होता आणि बाबा व्हरांड्यात उभं राहून रिक्षाचं परमिट विकलं तर काय येईल, याची फोनवर चौकशी करत होते.

पाण्याचा रिपोर्ट आला. जीबीएसमध्ये त्या पाण्यात प्रथिनं वाढतात, इथे ती नेहमीएवढीच होती. पहिल्या काही दिवसांत तीही कधीकधी नॉर्मल येतात, म्हणून नसांची तपासणी करायचं ठरलं. एनसीव्ही म्हणतात तिला. पायाच्या नसेवर ठिकठिकाणी बारीक शॉक देतात आणि तो पुढे किती वेगाने, किती जोराने पोचतो ते पडद्यावर बघतात. मला शेजारी उभं राहू दिलं होतं. हाताला शॉक दिला की बोटं उडायची. पायाला दिला की अंगठा नुसता थरथरल्यासारखा व्हायचा आणि पडद्यावरची लाट बसकी, पसरलेली यायची. तंत्रज्ञ काही बोलले नाहीत, पण डाव्या पायाची तपासणी त्यांनी दोनदा केली.

त्या रात्री वॉर्डात एक निवासी डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी सगळी माहिती पहिल्यापासून परत विचारायला घेतली. आम्ही कंटाळलो होतो, तेच तेच किती सांगायचं! "याच्याआधी काही? अगदी बारीकसं?" त्यांनी विचारलं तेव्हा आई सहज बोलून गेली, "काही नाही हो. चप्पल तेवढी टाकून यायचा जिन्यात. दिवाळीपासून."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. जीबीएस चार आठवड्यांच्या आत जेवढा वाढायचा तेवढा वाढतो, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. दिवाळीपासून हळूहळू, आधी पायाच्या बोटांत, मग घोट्यात, अशी चढणारी गोष्ट त्यात बसत नव्हती. त्यांनी धाकट्याला धरून उभं केलं आणि म्हणाल्या, "टाचेवर उभा राहा बघू." पावलाचा पुढचा भाग जमिनीवरून सुटला नाही. "काम काय करतोस?" "कुशनचं." "चिकटवायला काय असतं?" मग त्यांनी त्याची बोटं हातात घेतली, नखांच्या कडेचा वाळलेला पिवळा थर पाहिला, तोंडाजवळचा चट्टा पाहिला आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

आम्ही अर्धा तास बाहेर होतो. परत बोलावलं तेव्हा धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "तो म्हणाला, तुम्हीच सांगा. म्हणून सांगते," असं म्हणून मॅडमनी सांगितलं. दुकान बंद झाल्यावर तिघं मुलं मागच्या खोलीत पिशवी तोंडाला लावून सोल्युशनच्या वाफा ओढत होती. वर्षाहून जास्त झालं होतं. शेवटचे सहा महिने रोज.

बाबांचा हात उठला. मॅडम मध्ये उभ्या राहिल्या आणि त्या वेळी त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं. या वाफा अंगात भिनलेल्या असताना मूल एकदम घाबरलं, पळालं, झटापट झाली तर हृदयाचे ठोके अचानक बिघडतात आणि मूल जागच्या जागी जाऊ शकतं. पहिल्यांदा ओढणारंसुद्धा. म्हणून मूल ओढताना दिसलं तर ओरडायचं नाही, पाठलाग करायचा नाही, अंगावर जायचं नाही. शांतपणे जवळ जायचं, मोकळ्या हवेत आणायचं, शेजारी बसायचं. धाकटा तेव्हा चार दिवस वॉर्डात होता, त्याला तसा धोका नव्हता. पण बाबा मटकन खाली बसले आणि म्हणाले, "मीच लावला त्याला तिथे."

नसांचं काय होतं ते मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. अशा चिकटद्रव्यांत आणि थिनरमध्ये हेक्झेन, टोल्युइन असली द्रव्यं असतात. हेक्झेन फुप्फुसातून रक्तात जातं आणि यकृतात त्याचं दुसरंच एक रसायन तयार होतं. खरं विष ते. नसेच्या आत बारीक तंतूंचा सांगाडा असतो, त्यावरून माल पुढे सरकत असतो. हे रसायन त्या तंतूंना एकमेकांत चिकटवून टाकतं. मग वाटेत तंतूंच्या गाठी साठतात, नस तिथे फुगते, तिचं आवरण सुटतं आणि पुढचा भाग उपाशी मरतो. ज्या नसा सगळ्यांत लांब त्यांना हा फटका आधी बसतो. म्हणून पायाची बोटं आधी आणि हात नंतर. चपलांच्या आणि चामड्याच्या कारखान्यांत हाच गोंद वापरणाऱ्या कामगारांना, नशा न करताही, हा आजार झालेला आहे. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला बनवणाऱ्यांत तो मोठ्या प्रमाणात दिसला होता. टोल्युइनचा मार वेगळा. ते मेंदूच्या पांढऱ्या भागावर आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर जातं, रक्तातलं पोटॅशियम पाडतं. म्हणून त्याचा एमआरआय, ईसीजी आणि पोटॅशियम लगेच बघितलं. तिन्ही ठीक निघालं.

"औषध काय?" मी विचारलं. "औषध नाही," मॅडम म्हणाल्या. "सोडणं हेच औषध. बाकी व्यायाम, स्प्लिंट आणि वेळ." स्प्लिंट म्हणजे पाऊल लोंबू नये म्हणून बुटात बसवायचा आधार. रात्री तळव्यांची आग व्हायची, त्यावर गोळ्या दिल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरी आलो. कुशनचं काम त्याच दिवशी सुटलं होतं.

यापुढचं लिहिताना माझा हात जड होतो, आणि ते सांगायचं म्हणूनच खरं तर मी लिहायला बसले.

घरी आल्यावर तो बरा व्हायला हवा होता. ज्याने पाय गेले ते बंद झालं, मग पाय परत यायला लागणार, इतका सरळ हिशेब आमच्या डोक्यात होता. पण फेब्रुवारी संपता संपता तो मांडी घालून बसला की उठता येईना. मार्चमध्ये हातावर आलं. शर्टाचं बटण लागेना, जेवताना घास बोटांतून सुटायचा. आई घास भरवायला गेली की तो ताट सरकवून उठायचा, म्हणजे उठायला बघायचा आणि परत बसायचा.

घरातला प्रत्येकजण एकच गोष्ट मनात ठेवून होता आणि बोलत कुणी नव्हतं. हा अजून ओढतोय.

मी त्याच्या उशीचा वास घ्यायचे. तो आंघोळीला गेला की बॅग तपासायचे. बाबा रिक्षाच्या फेऱ्या मध्येच सोडून घरी डोकावून जायचे. लघवीची तपासणी करून सोक्षमोक्ष लावावा म्हणून मी एका लॅबमध्ये गेले. तिथे कळलं की नेहमीच्या नशा-तपासणीच्या किटमध्ये गांजा सापडतो, अफूच्या जातीतल्या गोष्टी सापडतात, सोल्युशन सापडत नाही. म्हणजे विश्वास ठेवण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता आणि विश्वास तर उरला नव्हता.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २९ मार्चला, त्याच्या पँटच्या खिशात मला दुमडलेली प्लास्टिकची पिशवी मिळाली. मी काही विचारलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला होता. मी त्याच्या कानाखाली मारली. सतरा वर्षांचा मुलगा, प्रतिकार करायला हात वर घेतला तर मनगट तसंच लोंबतं राहिलं. तो रडला नाही. त्याने बुटात बसवलेला स्प्लिंट ओढून घेतला, ती पिशवी माझ्या हातून घेतली, दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून कशीबशी पावलावर चढवली आणि पाऊल बुटात घातलं. गुळगुळीत प्लास्टिकवरून ते सरकत आत गेलं. मग दातांनी टोक धरून त्याने पिशवी बाहेर ओढून काढली. बोटांत ताकद नव्हती, स्प्लिंटसकट बूट चढत नव्हता, आईला रोज किती वेळा हाक मारायची, म्हणून त्याने ती युक्ती शोधली होती. पिशवी लपवली होती, कारण पिशवी बघितल्यावर आम्हाला काय वाटेल ते त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गुढीला गाठी बांधायला आईने नेहमीसारखी त्यालाच हाक मारली. त्याच्याच्याने दोऱ्याची गाठ बसेना. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे ताई, वेळ लागेल, पण मी बांधतो." वीस मिनिटं लागली.

त्या आठवड्यात ओपीडीत मॅडमना मी सगळं सांगितलं, मारलं तेही. त्यांनी आमचं डिस्चार्ज कार्ड मागितलं आणि दुसऱ्या पानाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं की नशा पूर्ण थांबवल्यावरही आजार आणखी काही महिने वाढू शकतो. मी पदवीधर आहे. मी गोळ्यांची नावं आणि पुढची तारीख वाचली होती, ती ओळ वाचलीच नव्हती. आणि एवढी मोठी गोष्ट सुट्टी देताना कुणी आम्हाला समोर बसवून मराठीत सांगितली नव्हती. ही तक्रार मी मॅडमपाशीच केली. त्यांनी ती ऐकून घेतली, सबब सांगितली नाही.

नस आतून बिघडलेली असते, पण तिचं टोक मरायला वेळ लागतो, म्हणून विष थांबल्यावरही दोन ते चार महिने पडझड चालू राहते, असं त्या म्हणाल्या. या आजाराची ओळखच ती आहे. मला वाटतं, कितीतरी घरं याच महिन्यांत मोडत असतील. मुलगा खरोखर सोडतो, पाय आणखी जातात, घरचे त्याला खोटारडा ठरवतात आणि मग त्याला वाटतं, सोडून तरी काय मिळालं. धाकट्याने मला नंतर सांगितलं की त्या मार्चमध्ये दोनदा तो दुकानाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला होता. पुढे जायला पाय चालले नाहीत. हे सांगताना तो हसला, मला हसता आलं नाही.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन. तिथे फोन केल्यावर केंद्राचा पत्ता मिळाला आणि दर शनिवारी समुपदेशक बाईंकडे जाणं सुरू झालं. आईला वाटत होतं, एवढ्या लहान वयात नशा म्हणजे आमच्याच घराला लागलेला डाग. बाईंनी तिला केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालातली एक गोष्ट सांगितली. दारू, गांजा, अफू, सगळ्या नशा मोठ्यांत जास्त आणि मुलांत कमी. हुंगायची नशा तेवढी उलटी, मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के. स्वस्त असते, कुठेही मिळते आणि विकणाऱ्याला आपण काही वाईट विकतोय असं वाटतही नाही.

व्यायामाचं फार लिहीत नाही. टॉवेल जमिनीवर पसरायचा आणि पायाच्या बोटांनी गोळा करायचा. माझी जुनी ओढणी तळव्याला लावून पाऊल स्वतःकडे खेचायचं, म्हणजे टाचेची शीर आखडत नाही. तळव्याला गरम-गार कळत नाही, म्हणून आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं. रोज रात्री तळवे उजेडात धरून जखम झालीय का ते तपासायचं. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. रिक्षा लावून आले की हातपाय धुऊन ते त्याचे पाय मांडीवर घेतात.

नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी पतसंस्थेतली, मला आकड्याशिवाय चैन पडत नाही. आईच्या शिवणकामाची टेप घेऊन गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत मोजलं, ४८ सेंटिमीटर भरलं. म्हणजे ४८० दिवस. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. मॅडमनी सांगितलं की ते इतकं सरळ नसतं, आवरण सुधारलं तर काही भाग लवकर येतो, काही कधीच पूर्ण येत नाही. तरी मी तो कागद काढलेला नाही.

मे महिन्यात पडझड थांबली. जूनमध्ये शर्टाचं वरचं बटण लागलं. गणपतीत, आरती चालू असताना, त्याने माझी ओढणी खेचून खाली बघ अशी खूण केली. उजव्या पायाचा अंगठा वर उचलला जात होता. बोटभर नाही, गव्हाच्या दाण्याएवढा. आई टाळ्या वाजवायची थांबली आणि तिथेच बसून राहिली.

त्यानंतर महिन्याभराने तो म्हणाला, "ताई, माझ्याबरोबर चल." तिघांतला एकजण गावी निघून गेला होता. दुसरा अजून त्याच दुकानात होता. जुन्या संगतीपासून लांब राहायचं असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून आम्ही आधी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, एकटा जाऊ नकोस, दुकानात जाऊ नकोस, घरी जा.

रविवारी सकाळी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्प्लिंट घालून तो प्रत्येक पायरीवर थांबत चढला. दार त्या मुलाच्या आईने उघडलं. मुलगा आत गादीवर बसला होता. दोघं थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग धाकट्याने पँटचा पाय वर केला, स्प्लिंट दाखवला आणि म्हणाला, "उठ. भिंतीला धर आणि टाचेवर उभा राहा."

त्याची आई माझ्याकडे बघायला लागली. मुलगा उठला, भिंतीला धरलं. उजव्या पायाची बोटं थोडी वर आली. डाव्या पायाची आली नाहीत. त्याने परत प्रयत्न केला, पूर्ण अंग मागे झुकवलं.

"चप्पल पडते का रे?" धाकट्याने विचारलं.

त्याने मान हलवली.

"उद्या ओपीडी आठला उघडते," धाकटा म्हणाला. "सात वाजता बाबा रिक्षा घेऊन खाली येतील. मी पण येतो."